कॉसमॉस: मेक्सिकोचे फूल, आपला पावसाळा

कॉसमॉसच्या बियांच्या पाकिटावर किंवा बागकामाच्या इंग्रजी पुस्तकात पेरणीचा जो क्रम सांगितलेला असतो, तो बहुतेक वेळा थंड देशांतल्या बागांसाठी असतो. हिमतुषारांचा धोका टळेपर्यंत थांबा, तोवर खिडकीच्या उबेत ट्रेमध्ये रोपे करा, मग त्यांना बाहेरच्या हवेची हळूहळू सवय लावा. सोलापूर किंवा अकोल्यात राहणाऱ्याने हे वाचून नेमके काय करायचे? कॉसमॉस मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. तिथे तो मक्याच्या शेतांच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, उकरलेल्या जमिनीवर आपोआप उगवतो. मेक्सिको सिटी साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मुंबई १९.१ वर. तिथला पाऊसही साधारण जूनमध्ये धरतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास आवरतो. उंचीचा फरक मोठा आहे, मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर वसले आहे. पण दिवसाची लांबी आणि पावसाचे महिने पाहिले तर हे झाड महाराष्ट्रात परके नाहीच. यातून दोन गोष्टी निघतात. आपल्याकडे कॉसमॉस बियांपासून वाढवायला फारसे कष्ट लागत नाहीत, उलट जास्त लाड केले तर तो बिघडतो. आणि ज्या कारणाने तो सोपा आहे, त्याच कारणाने तो कुंपण ओलांडून बाहेर पडतो. बागकामाचे लेख पहिल्या गोष्टीवर थांबतात आणि निसर्गप्रेमींच्या तक्रारी दुसऱ्या. पण प्रश्न एकच आहे, आणि घरी कॉसमॉस लावणाऱ्याला तो सगळाच समजून घ्यावा लागतो.

आधी कोणता कॉसमॉस ते ठरवायला हवे, कारण बाजारात या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जाती मिळतात. एक गुलाबी, पांढऱ्या, किरमिजी फुलांची, शेपूसारख्या बारीक चिरलेल्या पानांची. तिचे शास्त्रीय नाव कॉसमॉस बायपिनॅटस. दुसरी पिवळ्या आणि नारिंगी फुलांची, रुंद फाळ्यांच्या पानांची, कॉसमॉस सल्फ्युरियस. दोन्हींचे शास्त्रीय वर्णन स्पेनचे वनस्पतिशास्त्रज्ञ अंतोनियो होसे काव्हानिलेस यांनी १७९१ मध्ये माद्रिदला प्रसिद्ध केले. चॉकलेटसारखा वास येणारा तिसरा, गडद तपकिरी कॉसमॉस अधूनमधून ऑनलाइन दिसतो. तो कंदांपासून वाढवतात, तेव्हा त्याच्या नावाने कुणी बियांचे स्वस्त पाकीट विकत असेल तर सावध राहावे. दोन्ही मुख्य जाती झेंडू, झिनिया आणि डेलियाच्या कुळातल्या, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातल्या आहेत. आपण जिला पाकळी म्हणतो ते खरे तर एक स्वतंत्र, वांझ फूल असते. अशी साधारण आठ फुले कडेने असतात आणि मधल्या पिवळ्या चकतीत कितीतरी बारीक फुले दाटीने बसलेली असतात. बी धरते ते फक्त चकतीत. ही रचना लक्षात ठेवलेली बरी, कारण बी धरण्याची वेळ आली की नजर पाकळ्यांवर नव्हे, चकतीवर ठेवावी लागते.

आता दिवसाच्या लांबीकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे. कॉसमॉस हे लहान दिवसांचे झाड आहे. दिवस साधारण चौदा तासांहून लहान असला की ते लवकर कळ्या धरते. दिवस त्याहून मोठा असेल तर फुलायचे सोडून पाने आणि उंची वाढवत बसते. नारिंगी जात याबाबतीत गुलाबी जातीपेक्षाही काटेकोर. लंडनमध्ये जूनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक असतो. त्यामुळे उत्तरेकडच्या बागांमध्ये जुन्या वाणांची झाडे उन्हाळाभर वाढत राहायची आणि फुले येईतो थंडीची धाड यायची. बियाणे कंपन्यांनी लवकर फुलणारे वाण शोधण्यावर इतकी मेहनत घेतली ती याच अडचणीमुळे. ‘सेन्सेशन’ या गुलाबी कॉसमॉसला १९३६ मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला. तो आजही बाजारात आहे आणि आपल्याकडच्या पाकिटांवरही त्याचे नाव दिसते. पण त्याने सोडवलेली अडचण महाराष्ट्रात कधी नव्हतीच. मुंबई-पुण्याकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. म्हणजे आपल्याकडे बारा महिने कॉसमॉसला फुलायला परवानगी आहे. तारीख ठरवते ती फुले येतील की नाही हे नव्हे, तर फुले येताना झाड केवढे असेल हे.

ही गोष्ट पटली की पेरणीचे वेळापत्रक पाकिटावर शोधावे लागत नाही, विचार करून काढता येते. जूनच्या पहिल्या पावसात पेरलेल्या बियांना वर्षातले सर्वांत मोठे दिवस आणि भरपूर पाणी मिळते. झाड चार-पाच फुटांचे होते आणि फुलू लागते ते नेमके मुसळधार पावसात. वाऱ्यापावसाने ते आडवे होते आणि मालक म्हणतो, कॉसमॉस आमच्याकडे होत नाही. तेच बी श्रावण अमावस्येच्या पोळ्याच्या सुमारास पेरले तर चित्र बदलते. पेरणीपासून फुलापर्यंत या झाडाला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात आणि श्रावण अमावस्येपासून आश्विन अमावस्येपर्यंत, म्हणजे पोळ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत, दोन चांद्रमास, सुमारे ५९ दिवस भरतात. दिवाळीला पहिली फुले दारात हवी असतील तर एवढा हिशेब पुरेसा आहे, फक्त अधिक महिना मध्ये येत नाही ना ते पाहावे. कोकणात आणि घाटमाथ्यावर सप्टेंबरमध्येही पाऊस झोडपतो, तिथे नवरात्रापर्यंत थांबावे. गुलाबी जातीला कोरडी, थोडी गार हवा मानवते, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर ही पेरणी उत्तम. फुले डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतात. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरलेले झाड लहान असतानाच कळ्या धरते. बागवान याला दोष मानतात, पण गॅलरीतल्या कुंडीसाठी बुटके झाड हवे असेल तर महागडे बुटके वाण घेण्यापेक्षा पेरणी पुढे ढकलणे हा फुकटचा उपाय आहे. भर उन्हाळ्यात गुलाबी जातीचा नाद सोडावा. नारिंगी जात उन्हाला अधिक चिवट असते.

जमिनीच्या बाबतीत मात्र बहुतेकांचा हात आवरत नाही. गुलाबाला शेणखत, मोगऱ्याला शेणखत, मग कॉसमॉसला का नाही, असा साधा तर्क असतो. कॉसमॉसच्या मूळ जागी जमीन हलकी, निचऱ्याची आणि बहुधा निकस असते. वर्षभरात उगवून, फुलून, बी टाकून मरणारे हे झाड अशा जागी घाईने फुलण्यासाठीच घडलेले आहे. नत्र भरपूर मिळाले की त्याची घाई संपते. पाने गर्द हिरवी, खोड जाड पण ठिसूळ, उंची बेसुमार आणि फुले मोजकी, असे मग होते. मुरमाड, हलक्या जमिनीत हेच झाड बारीक, लवचिक आणि फुलांनी भरलेले असते. यावर एक रास्त आक्षेप आहे: कुंडीत तर माती थोडी आणि रोजच्या पाण्याने त्यातली पोषकद्रव्ये वाहून जातात, तिथेही उपाशीच ठेवायचे का? नाही. कुंडीत माती भरताना मूठ-दोन मूठ जुने, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे आणि तेवढ्यावर थांबावे. दर पंधरवड्याला पाण्यातून खत देण्याची शिफारस अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ती पिटुनियासारख्या फुलझाडांना लागू असेल, कॉसमॉसला नाही. काळ्या चिकण मातीच्या वाफ्यात खतापेक्षा निचरा महत्त्वाचा. वाळू किंवा बारीक मुरूम मिसळून वाफा वीतभर उंच केला की अर्धे काम झाले.

प्रत्यक्ष पेरणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बी सुईसारखे लांबट, काळपट आणि हाताळायला सोपे असते. ते अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, जिथे झाड हवे तिथेच पेरावे आणि ओल टिकवावी. आठवड्या-दहा दिवसांत कोंब वर येतात. ट्रेमध्ये रोपे करून लावली तरी चालते, पण त्या खटाटोपातून थेट पेरणीपेक्षा जास्त काही हाती लागत नाही. नर्सरीत फुलावर आलेले रोप विकत घेणे तर आणखी तोट्याचे, कारण आठ-दहा आठवड्यांत संपूर्ण फुलणाऱ्या झाडाचे निम्मे आयुष्य दुकानाच्या पिशवीतच गेलेले असते. रोपे बोटभर झाली की विरळणी करून दोन झाडांत फूटभर अंतर ठेवावे. विरळणी करताना जीव तुटतो, पण दाटीत वाढलेली झाडे उजेडासाठी उंच धावतात आणि हवा खेळत नाही म्हणून पानांवर भुरी लवकर धरते. झाड फूटभराचे झाले की शेंडा खुडावा, बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुले वाढतात. ऊन दिवसाचे निदान सहा तास हवे. ज्या गॅलरीत सकाळचे दोनच तास ऊन येते तिथे हा हट्ट करू नये. पाणी माती वरून सुकल्यावरच द्यावे. लहान रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर पाण्याची जोरदार फवारणी बहुधा पुरते.

बी धरण्याचा विषय मात्र थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण घरचे बी हाच या फुलाचा खरा लाभ आहे आणि त्याची खरी जोखीमही. गुलाबी कॉसमॉसमध्ये स्वतःचा पराग स्वतःच्याच फुलाला चालत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग मधमाश्यांनी आणावा लागतो. त्यामुळे गॅलरीत एकच झाड लावणाऱ्याला भरपूर फुले मिळतात पण सकस बी फारसे मिळत नाही, आणि तो बियाणे खराब निघाले म्हणून दुकानदाराला दोष देतो. निदान पाच-सहा झाडे जवळजवळ हवीत. याच गुणामुळे पांढऱ्या आणि किरमिजी फुलांची झाडे शेजारी असतील तर पुढच्या पिढीत रंगांची सरमिसळ होते. निवडक रंग हवा असेल त्याने एकाच रंगाची झाडे ठेवावीत; बाकीच्यांनी सरमिसळ आनंदाने स्वीकारावी. ‘संकरित वाणाचे बी पुन्हा पेरू नये’ हा शेतीतला सल्ला इथे उगाच लावला जातो. कॉसमॉसचे बहुतेक प्रचलित वाण मोकळ्या परागीभवनाचे आहेत आणि रंग थोडे इकडेतिकडे झाले म्हणून फुलाचे काही बिघडत नाही. पाकळ्या गळून चकतीतले बी काळपट-तपकिरी झाले आणि अलगद सुटू लागले की कोरड्या दिवशी, उन्हे वर आल्यावर गोळा करावे, सावलीत चार दिवस वाळवून कागदी पाकिटात ठेवावे. एका फुलातून पुढच्या वर्षाच्या चार-पाच झाडांची सोय सहज होते. शंभर फुले असतील तर किती, हा हिशेब करून पाहिला की पुढचा मुद्दा आपोआप समोर येतो.

तो मुद्दा म्हणजे नको तिथे उगवणारा कॉसमॉस. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीतल्या अनेक रस्त्यांच्या कडेला पावसाळा संपता संपता नारिंगी-पिवळ्या फुलांचे पट्टे दिसतात. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, काही जण ही रानफुले समजून घरी नेतात. ती रानफुले नाहीत, कुणाच्या तरी बागेतून, रस्त्याच्या सुशोभीकरणातून किंवा उधळलेल्या बियांतून सुटलेला सल्फ्युरियस आहे. त्याचे बी गुलाबी जातीच्या बियांपेक्षा लांब असते आणि त्याच्या टोकाला अनेकदा काटेरी केस असतात. कपड्यांना, जनावरांच्या अंगाला चिकटून ते दूर जाते. गुलाबी जात मात्र निर्धोक, असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर यांच्यातल्या १८९९ ते १९०२ च्या युद्धात घोड्यांसाठी अर्जेंटिनातून आणलेल्या वैरणीबरोबर हिचे बी तिथे गेले असे मानतात. आज तिथल्या हायवेल्डच्या पठारावर मार्च-एप्रिलमध्ये मैलोन्‌मैल गुलाबी पट्टे फुलतात. म्हणजे कोणती जात कुठे सुटेल हे हवा ठरवते. तिथले उंच, गार पठार गुलाबीला मानवले. आपला उबदार, ओला सह्याद्री नारिंगीला मानवतो. हे आपण सुरुवातीला पाहिलेल्या साम्याला धरूनच आहे. पाऊस, दिवसाची लांबी, उकरलेली जमीन, सगळे ओळखीचे असेल तर झाड माणसाची वाट कशाला पाहील?

इथे वाचक तीन गोष्टी विचारतील आणि तिन्ही विचारण्याजोग्या आहेत. पहिली: झेंडूही मेक्सिकोचाच, तो दसऱ्याच्या तोरणात इतका आपलासा झाला, मग कॉसमॉसवरच राग का? राग परकेपणावर नाहीच. झेंडू शेकडो वर्षे शेतकऱ्याने पिकासारखा लावला, तोडला, बाजारात नेला. तो माळ व्यापत सुटला नाही. त्याच कुळातले गाजर गवत मात्र १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आले आणि काही दशकांत देशभर पोहोचले. परदेशी झाडाचा निवाडा त्याच्या मूळ गावावरून नव्हे, त्याच्या वागण्यावरून करावा लागतो, आणि सल्फ्युरियसचे वागणे सध्या झेंडूपेक्षा गाजर गवताच्या बाजूला झुकते आहे. तो तितकाच घातक आहे असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. त्याने गाजर गवतासारखा सर्रास त्वचारोग होत नाही, आणि तो मुख्यतः रस्त्याच्या कडा, खाणी, उकरलेले उतार अशा मोडलेल्या जागी रुजतो. पण सह्याद्रीच्या पठारांच्या कडा आता अशाच मोडलेल्या आहेत, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी जिथे फुलतात तिथेच याची गर्दी वाढते.

दुसरी शंका फुलपाखरांची. कॉसमॉसवर फुलपाखरे आणि मधमाश्या झुंडीने येतात, मग त्याने निसर्गाचे भलेच होत नाही का? मधाचा लाभ खरा आहे. घरच्या बागेत त्यासाठीच तो लावावा, भाजीच्या वाफ्याशेजारी तर नक्कीच. पण फुलपाखरू आयुष्यभर मधावर जगत नाही. त्याच्या सुरवंटाला ठराविक झाडाची पाने लागतात, आणि ती स्थानिक गवते आणि झुडपे असतात. माळावर त्यांची जागा कॉसमॉसने घेतली तर मोठ्या फुलपाखरांना खाणावळ मिळेल आणि त्यांच्या पिल्लांचे घर जाईल. बागेत हा व्यवहार होत नाही, कारण बागेत तसेही रानगवत नसते. त्यामुळे एकच झाड कुंपणाच्या आत उपयोगी आणि बाहेर उपद्रवी असू शकते. यात विसंगती काही नाही.

तिसरी शंका सर्वांत व्यावहारिक: दहाव्या मजल्यावरच्या माझ्या चार कुंड्यांनी सह्याद्रीचे काय बिघडणार? एकट्याने फारसे काही नाही, हे मान्य केले पाहिजे. टेकड्यांवरचा कॉसमॉस मुख्यतः रस्ते, रिसॉर्ट आणि बांधकामांच्या सुशोभीकरणातून आला असण्याची शक्यता कुंड्यांपेक्षा जास्त आहे. पण शहरातल्या माणसाची सुट्टी टेकडीवरच जाते. पावसाळ्यात हौसेने बीजगोळे फेकण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यात ‘मिक्स फ्लॉवर’ची पाकिटे मिसळली जातात, आणि घरचे उरलेले बी ‘निसर्गाला देऊन टाकणारे’ही भेटतात. चांगल्या हेतूने केलेली ही उधळण थांबवणे पूर्णपणे घरच्या बागवानाच्या हातात आहे. शिवाय टेकडीलगतचे बंगले, फार्म हाउस, गावाकडची घरे यांच्या बाबतीत कुंपण आणि रान यांत अंतरच नसते. तिथे नारिंगी जात न लावणे हेच शहाणपणाचे. गुलाबी लावावी, आणि तिच्यावरही लक्ष ठेवावे.

लक्ष ठेवायचे म्हणजे फार काही करायचे नाही, आणि जे करायचे त्याने बागेचाही फायदाच होतो. सुकत आलेली फुले दोन-तीन दिवसांआड खुडत राहिली तर झाड बी धरण्यात शक्ती घालवत नाही आणि फुलांचा हंगाम लांबतो. बियांसाठी झाडाच्या मधल्या भागातली ठरावीक फुले दोरा बांधून राखून ठेवावीत, बाकीची खुडावीत. खुडलेली, बी धरलेली फुले घरच्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत, कारण तो ढीग बी मरेल इतका क्वचितच तापतो आणि पुढच्या वर्षी खताबरोबर कॉसमॉस साऱ्या कुंड्यांत जातो. ती पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावीत. ओढ्यात किंवा टेकडीच्या उतारावर तर मुळीच लोटू नयेत. हंगाम संपल्यावर वाळलेली झाडे बी सांडण्याआधी मुळासकट काढावीत. पुढच्या जूनमध्ये पहिले दोन चांगले पाऊस झाले की कुंपणाबाहेर एक फेरी मारावी. उगवलेली रोपे पानांवरून ओळखू येतात, नारिंगी जातीची पाने रुंद आणि गुलाबीची धाग्यासारखी. मुळे फार खोल गेलेली नसतात, ओल्या मातीतून रोप बोटांनी सहज उपटून येते. एकदा जमीन सुकली आणि झाड कमरेएवढे झाले की मात्र त्यासाठी कुदळ लागते.